इअरबड बिघडला नव्हता, कान बंद होता!

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा एक कान सध्या संपावर आहे, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. आजचा विषय थोडा 'ईईई' आहे: कानातला मळ, आणि तो डॉक्टर सक्शनने कसा काढतात. जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

किस्सा मे महिन्यातला. राहुरीजवळ मामाच्या गावाला गेलो होतो. ऊन असं की विहिरीत उडी मारल्याशिवाय पर्याय नाही. दोन तास पोहलो, नगरला परत आलो. सोमवारी सकाळी कॉलवर बसलो तर उजव्या इअरबडमधून आवाजच नीट येईना. आता मी पडलो इंजिनिअर. ब्लूटूथ रिसेट केलं, फर्मवेअर अपडेट केलं, जाळी टूथब्रशने साफ केली. शेवटी आईचा जुना वायरवाला हेडफोन घेतला, सुलटा लावला, उलटा लावला. दोन्ही वेळा आवाज उजवीकडेच कमी. म्हणजे बग हेडफोनमध्ये नव्हता, माझ्या कानात होता.

मळ म्हणजे घाण नव्हे

आपली कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, आणि आतला भाग कडक हाडाचा. त्याच्या शेवटी कानाचा पडदा. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या भागात. तिथल्या ग्रंथींचा चिकट स्राव, तेलकटपणा आणि मेलेली त्वचा, असं ते मिश्रण. ते धूळ अडवतं, पाणी अडवतं, जंतूंना रोखतं. थोडक्यात काय, कानाचा फायरवॉल.

आणि तो साफ करायची सोयही आतच आहे. नळीची त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, साधारण नख वाढतं त्या वेगाने. वर आपण बोलतो, चावतो, तेव्हा जबड्याच्या हालचालीने मळ आणखी बाहेर येतो. बहुतेकांना काहीच करावं लागत नाही.

मग माझा कान का तुंबला? कारण मी रोज आंघोळीनंतर कापसाची काडी फिरवायचो. थोडा मळ कापसावर यायचा, मला भारी वाटायचं, आणि बाकीचा आत ढकलला जायचा. आता बघा, मळ बनतो बाहेरच्या भागात. तो पडद्याजवळ सापडत असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी तो तिथे नेऊन ठेवलेला असतो. त्यात विहिरीचं पाणी गेलं, मळ फुगला आणि होती ती फटही बंद झाली. पोहून आल्यावर अचानक कान बंद होतो तो बऱ्याचदा असा.

गंमत म्हणजे या काडीलाही आपण 'इअरबड'च म्हणतो. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या दांडीच्या काड्यांवर देशात बंदी आली, पण ती कचऱ्यामुळे, कानामुळे नाही. लाकडी किंवा कागदी दांडीची काडी कानाला तेवढीच वाईट. आणि दुसरे इअरबड, म्हणजे ज्यातून तुम्ही आपला पॉडकास्ट ऐकता ते? ते दिवसभर कानात असले की मळाची बाहेर यायची वाट अडते. श्रवणयंत्राचंही तसंच.

सक्शन कसं होतं?

मी सावेडीतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "मळ वाळून दगड झालाय. पाच दिवस हे थेंब टाका, मग या." थेंबांनी मळ मऊ होतो. त्या दिवसांत कान अजूनच बंद वाटतो, घाबरू नका. मात्र पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल, तर मेडिकलमधून थेंब आणून आपल्या मनाने टाकायचे नाहीत.

पाच दिवसांनी खुर्चीवर बसवलं. डॉक्टर मायक्रोस्कोपमधून कानात बघतात. हातात एक बारीक धातूची नळी, तिच्या मागे सक्शन मशीन. ती नळी मळाला लावायची आणि हलकेच ओढून घ्यायचा. यात खरी किंमत आहे ती 'दिसण्याला'. नळीचं टोक कुठे आहे, पडदा किती लांब आहे, हे डॉक्टरांना प्रत्येक क्षणी दिसत असतं.

दुखलं का? नाही. पण आवाज! कानातच व्हॅक्यूम क्लीनर चालू केल्यासारखा. मध्ये एकदा खोकला आला, कारण कानाच्या नळीला व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी येते. थोडं गरगरलं पण, कारण हवा खेचली जाते तेव्हा आतला कान गार पडतो आणि तोल सांभाळणारा भाग गोंधळतो. मिनिटभरात थांबलं. चक्कर आली, दुखलं, तर लगेच सांगायचं. डोकं मात्र झटकन हलवायचं नाही.

पिचकारीने पाणी मारून मळ काढायची पद्धत जुनी आहे. पाणी शरीराइतकं कोमट हवं, आणि पडद्याला भोक असेल तर ती चालत नाही. ब्रिटनमध्ये तर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हाताने मारायची पिचकारी वापरू नका असंच सांगितलंय. सक्शनमध्ये कान कोरडा राहतो, त्यामुळे अशा कानांतही ते करता येतं.

बाकी पर्यायांना मात्र कानाला खडा! बसस्टँडवरचा कान साफ करणारा, ऑनलाइन मिळणारं कॅमेरावालं कानकोरणं, कानात पेटवायची मेणबत्ती, घरगुती 'व्हॅक्यूम'. त्या मेणबत्तीतून जे निघतं ते मेणबत्तीचंच मेण असतं. आणि हो, मला आवडणारं आजीचं गरम तेलसुद्धा नको.

आता आजीची गोष्ट

माझा कान उघडल्यावर डोक्यात पहिला विचार आला तो आजीचा. दोन वर्षांपासून आम्ही सगळे तिच्याशी ओरडून बोलत होतो. ती हळूहळू गप्पांतून उठून आत जायला लागली होती. "वय झालं, ऐकू येत नाही," म्हणून आम्ही विषय संपवला होता. तिला घेऊन गेलो, तर दोन्ही कान गच्च भरलेले. साफ झाल्यावर घरी येऊन ती पहिलं काय म्हणाली माहितीये? "हा पंखा केवढा आवाज करतो रे!"

सगळं ऐकू यायला लागलं असं नाही. नंतरच्या तपासणीत वयामुळे कमी झालेलं ऐकणं दिसलं, आणि आता श्रवणयंत्राचं बघतोय. पण मळ काढल्याशिवाय ती तपासणीही नीट झाली नसती. तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर आधी कान दाखवून आणा. जिल्ह्यात लोणीचं प्रवरा रुग्णालय आणि विळद घाटातलं विखे पाटील हॉस्पिटल ही मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं आहेत, तिथे कान-नाक-घसा विभाग आहेत.

थांबायचं नाही, अशा वेळा

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कानातून पू किंवा रक्त येतंय, जोरात दुखतंय, किंवा मधुमेह आहे आणि कान दुखतोय: लगेच डॉक्टर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, तर 'मळ असेल' म्हणून आठवडे घालवू नका. कधी कधी आतली नस गेलेली असते, आणि तिचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच जास्त फायदा होतो. एक छोटी युक्ती सांगतो: तोंड बंद करून 'म्म्म' असा आवाज काढा. मळाने बंद झालेल्या कानात तो जास्त मोठा वाटतो. चांगल्या कानात मोठा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पळा. अर्थात ही युक्ती म्हणजे तपासणी नव्हे. मळ आहे की नाही हे आत बघणाराच सांगू शकतो.

तर मंडळी, काडी ठेवा बाजूला, बाहेरचा कान टॉवेलने पुसा, बास. आणि हा एपिसोड घरातल्या त्या माणसाला पाठवा, ज्याला तुम्ही हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा सांगता. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये, दोन्ही कानांनी!