पाहुण्या यंत्राची खतावणी

रजिस्टर म्हटले, की आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना रोजकीर्द-खतावणी आठवते. संगणकाच्या प्रोसेसरमधील रजिस्टर म्हणजे काम चालू असताना आकडा धरून ठेवणारी इवलीशी जागा होय. एकाच संगणकात अनेक आभासी यंत्रे पाहुण्यांसारखी नांदतात, तेव्हा प्रत्येक पाहुण्याचे आकडे वेगळे सांभाळावे लागतात. लिनक्समध्ये २००७ साली आलेली ‘केव्हीएम’ ही व्यवस्था ते काम करते.

पाहुणा थांबला, की त्याचे आकडे कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, ताब्यात राहतात. बाहेरचा व्यवस्थापक प्रोग्राम ‘केव्हीएम_गेट_रेग्ज’ अशी मागणी करतो. इंटेल वा एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर त्याला १८ आकडे मिळतात : १६ सर्वसाधारण रजिस्टरे, पुढील आज्ञेचा पत्ता आणि स्थितिदर्शक खुणा. इतर रजिस्टरांसाठी वेगळ्या मागण्या आहेत. ‘सेट’ मागणीने आकडे परत भरता येतात.

याची गरज काय? चालता पाहुणा दुसऱ्या संगणकावर हलवायचा, तर ‘मागील पानावरून पुढे’ या न्यायाने प्रत्येक बाकी जशीच्या तशी ओढावी लागते. आज्ञेचा पत्ता चुकला, तर पाहुणा भलतेच काम करू लागेल.

परंतु ज्याच्या हाती खतावणी, त्याला सारेच दिसते; त्या क्षणी रजिस्टरात असलेली गुप्त किल्लीसुद्धा! म्हणून एएमडीच्या ‘एसईव्ही-ईएस’ तंत्रात ही रजिस्टरे यजमानापासून कूटबद्ध ठेवली जातात. वही उघडी असावी की कुलूपबंद, हा प्रश्न माझ्या मते केवळ तंत्रज्ञांचा नाही. परक्याच्या संगणकावर आपले हिशेब सोपविणाऱ्या प्रत्येकाचा आहे.