खोगीर, दुमजली खुर्ची आणि मधली सीट

हॅम्बुर्गला विमानाच्या अंतर्भागाचं आणि आसनांचं मोठं प्रदर्शन भरतं. २०१८ साली तिथे एव्हिओइंटीरिअर्स या इटालियन कंपनीने ‘स्कायरायडर २.०’ मांडली आणि तिचे फोटो जगभर झळकले. बसायची जागा खोगिरासारखी उतरती, पाठ ताठ, अंगाचा भार थोडा मांड्यांवर आणि थोडा पावलांवर. पुढच्या-मागच्या सीटमधलं अंतर जेमतेम २३ इंच. स्वस्तातल्या विमान कंपन्या आज साधारण २८ ते ३० इंच देतात. खोगिरामुळे वीस टक्के जादा प्रवासी मावतील, असा दावा होता.

मला खटकतो तो हा दावा. विमानात माणसं किती न्यायची, हे शेवटी दारांवर ठरतं. अंधारात, निम्मी दारं बंद असताना, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे, असा नियम आहे. बोइंग ७३७-८०० ची कमाल मर्यादा १८९ प्रवाशांची. २०१० मध्ये रायनएअरचे प्रमुख मायकेल ओलिअरी उभ्याने प्रवासाची तिकिटं विकण्याची भाषा करत होते, तेव्हा त्यांच्या या विमानांत साध्या खुर्च्यांवरच १८९ माणसं बसत होती. पुढे त्यांनी १९७ आसनांचं ७३७ मागवलं, तर त्याला पंखांच्या मागे दारांची आणखी एक जोडी द्यावी लागली. आठ माणसं वाढवायची तर दोन दारं वाढवावी लागतात, मग खोगिरं बसवून विमानात गर्दी वाढणार कशी? वाचलेली जागा महागड्या आसनांना मिळाली असती, एवढंच. पुढे एव्हिओइंटीरिअर्सनेच स्कायरायडर ही निव्वळ संकल्पना असल्याचं स्पष्ट केलं.

स्पॅनिश तरुण अलेहांद्रो नुन्येस विसेंते यांची दुमजली खुर्ची मात्र मी तितक्या सहज मोडीत काढणार नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात शिकत असताना त्यांनी तिचा आराखडा केला आणि २०२२ मध्ये हॅम्बुर्गला नमुना मांडला. एक रांग खाली, पुढची वर. खालच्या प्रवाशाला पाय पूर्ण लांबवता येतात, पण तोंडासमोर वरच्या सीटची पाठ येते. वरच्याला पायऱ्या चढाव्या लागतात आणि डोक्यावरचे सामानाचे कप्पे काढून टाकावे लागतात. पाय पसरायची गरज त्यांनी अचूक ओळखली, हे मान्य. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने रात्री दोनदा त्या पायऱ्या उतरायच्या कशा?

उलट्या तोंडाच्या सीटची कल्पना सगळ्यांत जुनी आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणी. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ मध्ये रॉकेटच्या गाडीवर स्वतःला बांधून घेऊन गुरुत्वाच्या ४६ पट धक्का सोसला. प्रवाशांना मागे तोंड करून बसवा, असा त्यांचा आग्रह होता, कारण मग धक्का कमरेच्या एका पट्ट्यावर न येता सगळ्या पाठीवर विभागला जातो. ब्रिटिश हवाई दलाच्या व्हीसी-१० विमानांत तशा सीट होत्याही. पण अशा सीटवर धडाचा भार उंचावर येतो, म्हणून ती आणि तिच्याखालची जमीन जास्त मजबूत, म्हणजेच जड करावी लागते, आणि वजन वाढलं की इंधन वाढतं. शेवटी ही रचना आली ती बिझनेस क्लासमध्ये. २००० साली ब्रिटिश एअरवेजने एक सीट पुढे तोंड, एक मागे तोंड अशी मांडणी केली, ती सपाट बिछाने बसवता यावेत म्हणून.

इकॉनॉमीच्या प्रवाशासाठी मला आवडलेली रचना साधी आहे. मोलॉन लाबे या अमेरिकी कंपनीने तिघांतली मधली सीट किंचित मागे सरकवली, किंचित खाली घेतली आणि शेजारच्या दोघींपेक्षा रुंद केली. त्यामुळे खांदे एका रेषेत येत नाहीत. हात टेकायची दांडी दोन पातळ्यांची आहे, त्यामुळे शेजारी पुढच्या भागावर कोपर ठेवतो आणि मधला मागच्या भागावर. तासन् तास कोपरं आवळून बसलेल्या माणसालाच याची किंमत कळेल. २०१९ मध्ये या सीटला अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाची मंजुरी मिळाली.

सीटमधल्या अंतराला किमान मर्यादा असावी, असं अमेरिकी संसदेने २०१८ साली कायद्याने सांगितलं. त्यासाठी ओक्लाहोमा सिटीत विमान रिकामं करण्याच्या चाचण्या झाल्या. त्यांत धडधाकट, साठीच्या आतले प्रौढ घेतले होते. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानात पंधरा-सोळा तास बसणारे प्रवासी डोळ्यांसमोर आणा. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या सत्तरीच्या काकू, व्हीलचेअरवरून दारापर्यंत आलेले आजोबा, कडेवर तान्हं घेतलेली आई. नव्या सीटची चाचणी यांना बसवून घ्या, यांना अंधारात दारापर्यंत चालवून बघा, आणि मगच इंच ठरवा.