नकाशावरील पाटी

पुण्याच्या एखाद्या जुन्या पेठेत नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या गृहिणीस थालीपिठाची भाजणी दळून हवी असली, म्हणजे गॅलरीतून शेजारणीस हाक मारण्यापूर्वी ती हातातील फोनवर तसा शोध घेते, आणि गुगलच्या नकाशावर ज्या दोन-तीन गिरण्या वर दिसतात त्यांपैकी एकीकडे डबा घेऊन निघते. तिच्याच वाड्यामागच्या बोळात वर्षानुवर्षे अव्याहत चाललेली एखादी गिरणी असेलही. परंतु नकाशाच्या दप्तरी तिची नोंदच रुजू नसल्यामुळे या गिऱ्हाइकापुरती ती नसल्यातच जमा आहे.

हा क्रम ठरतो कसा, याविषयी बाजारात अनेक प्रवाद आहेत. खुद्द गुगलने जाहीर केलेले मुख्य निकष तीन: विचारलेल्या गोष्टीशी धंद्याचा मेळ, विचारणाऱ्यापासूनचे अंतर आणि धंद्याची ख्याती. पैकी अंतराचे काही करता येत नाही, कारण जाते उचलून गिऱ्हाइकाच्या दाराशी नेता येत नाही. ही नोंद विनामूल्य असून पैसे भरून या क्रमात वर चढता येत नाही, असे कंपनीच सांगते. जाहिरातीची जागा निराळी, आणि तिच्यावर तसा शिक्काही असतो. तेव्हा 'आम्ही गुगलमधूनच बोलतो, अमुक रक्कम भरा, पहिल्या क्रमांकावर आणतो' असे दूरध्वनीवरून सांगणाऱ्या इसमास नमस्कार करून फोन ठेवावा, हे उत्तम.

खरे काम आहे ते मेळ घालण्याचे, आणि तेथेच बहुतेकांची हयगय होते. कोणी उत्साही भाच्याने नोंद करताना वर्ग 'किराणा दुकान' असा निवडलेला असतो. मग दळणाच्या शोधात गिरणी मागे पडली तर नवल कसले? मुख्य वर्ग एकच आणि नेमका असावा. भाजणी, मेतकूट, नाचणीचे पीठ, घरपोच दळण हा तपशील सेवांच्या यादीत लिहावा, आणि तोही मराठीत, कारण विचारणारे मराठीतही विचारतात. नावात मात्र भर घालू नये. पाटीवर जे नाव तेच नकाशावर, असा नियम आहे. नावापुढे 'पुण्यातील सर्वोत्तम भाजणी' असे शेपूट जोडणाऱ्याची नोंद निलंबित होऊ शकते. महाराष्ट्रात 2022 च्या कायदा-दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आहे. तीच पाटी येथे दाखला म्हणून उपयोगी पडते. कारण नोंद पडताळताना पुष्कळदा चित्रफीत मागतात: बोळाच्या तोंडापासून चालत यावे, रस्त्याचे नाव, पाटी, यंत्रे दाखवावीत, आणि आपल्या किल्लीने शटरचे कुलूप उघडावे, हे सर्व मध्ये न थांबता एका दमात.

पत्त्याचे प्रकरण वेगळेच. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पकतेतून 1972 च्या स्वातंत्र्यदिनी पिनकोड अस्तित्वात आला, आणि त्या सहा आकड्यांनी टपाल अचूक कचेरीत पोहोचू लागले. पण 411030 एवढ्यावरून सदाशिव पेठेतील दार सापडत नाही. पेठेतल्या वाड्याचा पुढचा दरवाजा एका रस्त्यावर आणि गिरणी मागच्या बोळात, अशा ठिकाणी नकाशावरची खूण पुढच्या दरवाज्यावर पडली की गिऱ्हाईक डबा घेऊन भलत्याच जिन्यापाशी उभे राहते. ती खूण हाताने सरकवून गिरणीच्या उंबऱ्यावर आणावी. वेळाही खऱ्या लिहाव्यात. दुपारी विश्रांती असेल तर सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा निरनिराळ्या भरण्याची सोय आहे, आणि गणेशोत्सव-दिवाळीच्या सुट्ट्याही आगाऊ घालता येतात. शिवाय वाटेने जाणारा कोणीही या नोंदीत फेरफार सुचवू शकतो, म्हणून सातबाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे मालकाने तीवर अधूनमधून नजर टाकणे इष्ट.

ख्याती मात्र हळूहळूच जमते. संतुष्ट गिऱ्हाइकाकडे अभिप्राय मागण्यास प्रत्यवाय नाही. त्याच्या मोबदल्यात किलोभर पीठ देऊ करणे मात्र गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि भारतीय मानक ब्युरोनेही 2022 साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक प्रसिद्ध करून विकत घेतलेल्या स्तुतीविरुद्ध दंडक घातला आहे. प्रतिकूल अभिप्रायास काय उत्तर दिले, हे नवे गिऱ्हाईक बारकाईने वाचते. 'भाजणी फार जाड दळली' या तक्रारीखाली 'आपण सांगितले नव्हते' असे फणकाऱ्याने लिहिणारा मालक कदाचित खरे बोलत असेल, तरी हरतो. 'डबा घेऊन या, पुन्हा बारीक दळून देतो' एवढेच लिहिणारा, माझ्या मते, दहा जाहिरातींचे काम करतो.

राहिला मालकीचा प्रश्न. नोंद ज्या ईमेल खात्यावरून केली, त्याच खात्याकडे तिचा कारभार राहतो. आणि ते खाते भाच्याचे, सोडून गेलेल्या नोकराचे किंवा महिन्याकाठी पैसे घेणाऱ्या मध्यस्थाचे असले, तर गिरणीचा साधा फोन नंबर बदलण्यासाठीही मालकास दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. मुख्य मालक म्हणून स्वतःचे खाते ठेवावे आणि भाच्यास व्यवस्थापक नेमावे. ज्यांची नोंद आधीच परहस्ते गेली आहे, त्यांना मालकी मागण्याचा अर्ज त्याच नोंदीवरून करता येतो.