गुलाबाचे कलम, स्वमूळ झाड आणि लागवडीची खोली

गुलाबाचा रंग ‘बिघडला’, अशी तक्रार बागप्रेमींकडून नेहमी ऐकू येते. गर्द लाल फुलांचे झाड दोन-तीन वर्षांनी बारीक, फिकट फुलांचे झुबके देऊ लागते. वस्तुतः येथे रंग बदललेला नसून वरची जात मेलेली व खालचा खुंट वाढलेला असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा लागवडीच्या खोलीच्या अनुषंगाने विचार केला आहे.

डोळा भरलेल्या कलमात मुळे खुंटाची व फुले वरच्या जातीची असतात. अनेक संकरित टी जातींची स्वतःची मुळे दुबळी असल्याने ही पद्धत रूढ झाली. मात्र खुंट जमिनीला मानवला पाहिजे. रोझा मल्टिफ्लोरा किंचित आम्लधर्मी जमिनीत उत्तम वाढतो; चुनखडीयुक्त जमिनीत लोहाअभावी त्यावरील झाडाची पाने पिवळी पडतात. रोझा इंडिका ओडोराटा अशी जमीन अधिक सोसतो. दख्खनची काळी जमीन बहुधा विम्लधर्मी असल्याने हा भेद केवळ पुस्तकी नाही. छाट कलमापासून केलेले स्वमूळ झाड आरंभी सावकाश वाढते. परंतु ते बुडापर्यंत वाळले तरी त्याला त्याच जातीचे फुटवे येतात.

थंड देशांतील ग्रंथ कलमाचा सांधा जमिनीखाली पुरावयास सांगतात. त्यामागे गोठणाऱ्या थंडीपासून डोळ्याचे रक्षण हा हेतू असतो. महाराष्ट्रात बहुतांश ठिकाणी तसे कारणच नाही. तरीही तो सल्ला जसाच्या तसा उचलला जातो, याचे नवल वाटते. पुरलेला सांधा पावसाळ्यात चिकण जमिनीत कुजतो व खुंटाचे फुटवे उशिरा लक्षात येतात. म्हणून सांधा जमिनीच्या सुमारे 5 सेंटिमीटर वर ठेवावा. ताजा भरलेला खड्डा पाण्याने खचतो आणि झाडही खाली बसते; यास्तव खड्डा पंधरवडाभर आधी भरून पाणी द्यावे. दरवर्षी घातलेल्या शेणखतानेही सांधा नकळत झाकला जातो, तो मोकळा करावा. स्वमूळ झाड मात्र पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर लावावे.

सात पर्णिकांचा फुटवा म्हणजे खुंटच, ही समजूत विश्वसनीय नाही. अनेक बागायती जातींनाही सात पर्णिका असतात. माती उकरून फुटव्याचा उगम पाहावा. तो सांध्याखाली असल्यास कात्रीने न छाटता मुळाशी धरून ओरबाडून काढावा, कारण छाटलेल्या बुंध्यावरील डोळे पुन्हा फुटतात.