भिंत उभी राहिली, सांधा कोणी तपासला?

नव्या घराची चावी मिळाली की आपण फरशी पाहतो, नळ सोडून पाहतो. भिंतींचे सांधे मात्र कोणी पाहत नाही. लंडनच्या कामगारवस्तीत ‘रोनन पॉइंट’ ही २२ मजली इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून उभारली होती. कुटुंबे राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. भिंत निसटली, तिच्यावरचा आधार गेला आणि इमारतीचा अख्खा कोपरा कोसळला. चौघांचे प्राण गेले. १९८६ साली इमारत उतरवताना सांधे नीट भरलेच नव्हते, असे आढळले.

नव्या पद्धतीला आमचा विरोध नाही. तिने घरे लवकर होतात. पण पुनर्विकासाच्या सभेत बंधू-भगिनींनी उठून विचारावे : सांधे कोणी तपासले? उत्तर लेखी घ्यावे. घर स्वस्त असावे, जीव नव्हे.