डाग दिसला, पुढे काय?

सरकारी आरोग्य केंद्रात कॅन्सरच्या तपासणीसाठी गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उमटला की कागदावर ‘पॉझिटिव्ह’ येतं आणि घरात रडारड सुरू होते. हा कॅन्सरचा निकाल नव्हेच; साध्या सुजेनेही डाग दिसतो. पुढे कॉल्पोस्कोपी: दुर्बिणीतून पाहणी, गरज वाटल्यास तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात. चिमटा बसतो, दोन-चार दिवस थोडं रक्त जातं. फार गेलं किंवा ताप आला तर लगेच दाखवावं. कॅन्सरपूर्व बदल निघालाच तरी तो बहुधा गोठवून किंवा जाळून जातो. गर्भपिशवी काढायची घाई नको. तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाईला खाडा परवडत नाही, कबूल. तरी कॉल्पोस्कोपीची तारीख चुकवू नये. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८पासून केलेल्या अभ्यासात याच स्वस्त चाचणीने, पुढच्या उपचारांसह, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले.