देव पाठीशी की देवाचा कोप?
लेखमाला : दुखणं आणि आपण – लेखांक ७

मोठ्या आजाराचं निदान झालं की घरात दोन धावपळी एकदमच सुरू होतात. एक दवाखान्याची : बायोप्सी, स्कॅन, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, पैशांची जुळवाजुळव. दुसरी देवाची : कुणी महामृत्युंजयाचा जप लावतं, कुणी माउंट मेरीला मेणबत्ती बोलतं, कुणी दर्ग्यावर चादर. कर्करोगाच्या ओपीडीत बाकावर बसलेल्यांच्या हातातल्या फायली पाहिल्या, तर रिपोर्टांच्या वर स्वामी समर्थांचा फोटो असतो आणि कागदाच्या पुडीत अंगारा. पहिल्या धावपळीबद्दल या लेखमालेत बरंच बोलून झालं. आज दुसरीबद्दल.

आधी सरळ प्रश्न. प्रार्थनेनं आजार बरा होतो का? अमेरिकेत हे तपासायचा मोठा प्रयत्न झाला. डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. आपण कोणत्या गटात आहोत, हे या दोन्ही गटांतल्या रुग्णांना माहीत नव्हतं. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे’ असं सांगितलेलं होतं. २००६ साली निष्कर्ष आले. पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटात ते ५९ टक्के निघालं. ‘माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली, म्हणजे मी इतका गंभीर आहे का?’ अशी धास्ती रुग्णांनी घेतली असेल, ही शक्यता संशोधकांपैकी एकाने बोलून दाखवली.

म्हणजे दुरून कुणीतरी केलेल्या प्रार्थनेनं शरीरातला बिघाड दुरुस्त होतो, याला या अभ्यासात आधार मिळाला नाही. पण रुग्ण स्वतः हात जोडतो तेव्हा त्याच्या मनाचं काय होतं, हा प्रश्न त्यात नव्हताच. आणि खाटेवर पडलेल्या माणसाच्या दृष्टीनं खरा प्रश्न तोच आहे.

त्याची दोन उत्तरं आहेत. पहिलं शरीराचं. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळली. रामरक्षा किंवा हरिपाठ संथ लयीत म्हणणाऱ्यांना हा निवांतपणा अनुभवानं ठाऊक असतो. त्यानं गाठ विरघळत नाही. पण स्कॅनच्या आदल्या रात्री थोडी झोप लागते, आणि ती काही कमी मोलाची नाही.

दुसरं उत्तर अधिक खोल आहे. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी मरणपंथावरच्या रुग्णांचं नीट ऐकलं आणि सांगितलं, की वेदना शरीराची असते तशी मनाची असते, नात्यागोत्यांची असते आणि आत्म्याचीही असते. एक सुटली नाही तर बाकीच्याही पुरत्या आटोक्यात येत नाहीत. भारतातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ साली याच विचारातून उभं राहिलं. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नाला गोळी नाही. त्याच्यासाठी माणसाला कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि अनेकांच्या बाबतीत तो ‘कुणी’ देव असतो.

पण इथेच धोकाही आहे. डॉ. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न वर्षांपुढच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. ‘देवानं मला टाकलं’, ‘देवाचं माझ्यावर प्रेम उरलं नाही’ असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण अधिक आढळलं. आजारपणाचा आणि मनःस्थितीचा हिशेब धरूनसुद्धा. अशा अभ्यासातून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी इशारा स्पष्ट आहे : श्रद्धा आधार देते तशी ती आतून पोखरूही शकते.

आपल्याकडे हे पोखरणं कसं दिसतं? गाठीच्या वेदनेनं रात्रभर जागी राहणारी एखादी बाई सकाळी राउंडला डॉक्टरांना ‘बरं आहे’ म्हणते. नंतर सिस्टर जवळ बसून विचारते, “मावशी, खरं सांगा, दुखतंय ना?” तेव्हा हळूच उत्तर येतं, “दुखतंय गं. पण नवस फेडायचा राहिला होता. भोग आहेत, भोगून संपवायला हवेत.” तिनं वेदनाशामक मागितलेलं नाही, कारण दुखणं ही शिक्षा आहे असं तिनं मनाशी धरलंय. नातेवाईक त्यात भर घालतात : “कुणाचं तरी वाईट केलं असेल”, “घराण्याचा दोष आहे”. आजारी माणसाला याहून क्रूर वाक्य ऐकवता येत नाही.

परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कितीतरी रुग्ण दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात. गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तन केलं, आणि त्याच कीर्तनातून नवसाला कोंबडं-बकरं कापू नका म्हणून लोकांना कळवळून सांगितलं. देव भीतीचा नसतो, हे आपल्याच मातीतल्या संतानं सांगून ठेवलेलं आहे.

मग घरच्यांनी करायचं काय? रुग्णाला विचारा : “तुला कशानं बळ येतं?” उत्तर पोथी असेल, नमाज असेल, भीमसेनांचा अभंग असेल, नाहीतर नुसतं अंगणात बसणं असेल. देव न मानणाऱ्याच्या उशाशी माळ ठेवू नका. त्याचाही आधार तितकाच खरा आहे. ‘ही शिक्षा आहे’ असा सूर ऐकू आला, तर वाद घालू नका, पूर्ण ऐकून घ्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा अंगारा कपाळाला लावा, पोटात देऊ नका, न उकळलेलं तीर्थ टाळा. उपास डॉक्टरांना विचारूनच. आणि जप लावला म्हणून औषधाची एकही वेळ चुकता कामा नये.

डॉक्टरांनाही विनंती आहे. वेदना किती, हे विचारताना ‘मनात काय चाललंय?’ एवढंही विचारा. दोन मिनिटं लागतात, आणि लपवलेलं दुखणं त्यातच बाहेर येतं.

उपचार थांबतात तेव्हाही प्रार्थना थांबत नाही, फक्त मागणं बदलतं. ‘बरं कर’ची जागा ‘दुखू देऊ नकोस, माणसं जवळ असू देत’ हे मागणं घेतं. आणि हे मागणं पुरं करणं बऱ्याच अंशी आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या हातात आहे.

(पुढील लेखांकात : मॉर्फिनची भीती आणि वस्तुस्थिती)